रेक्स्टन घेण्याआधी एवढं वाच

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं, फोटोही पाहिले. २०१३ची सँगयाँग रेक्स्टन आरएक्स ७, पांढरी, एक लाख चौदा हजार किलोमीटर चाललेली, आणि किंमत इतकी कमी की तुलाच शंका यायला लागली. शंका घे, पण स्वस्त आहे म्हणजे गाडीत खोट असणारच, असं समजू नकोस. ही गाडी नवी होती तेव्हा पावणेअठरा ते वीस लाखांच्या दरम्यान जायची. आता तिचा भाव पडतो तो मुख्यतः नावामुळे. सँगयाँग ही कोरियन कंपनी, पण नाव घेतलं की निम्म्या लोकांना ती चिनी वाटते आणि उरलेले म्हणतात, "ती कंपनी बुडाली ना?" चिनी ती नाही, बुडता बुडता मात्र दोनदा वाचली. तुझ्या गाडीचे पार्ट मिळणार की नाही, हे त्या इतिहासातच दडलंय, म्हणून आधी तो सांगतो.

सोलमध्ये १९५४ साली हा डोंग-ह्वान नावाच्या माणसानं वर्कशॉप काढलं. कोरियाचं युद्ध नुकतंच थांबलेलं. अमेरिकन लष्करानं टाकून दिलेल्या ट्रकांची इंजिनं घ्यायची, तेलाची रिकामी पिंपं कापून ठोकून सपाट करायची आणि त्या पत्र्याची बस उभी करायची, असा धंदा. १९६६मध्ये त्यांची एक बस ब्रुनेईला गेली, ती कोरियाची पहिली बसनिर्यात. १९७७मध्ये कंपनीचं नाव डोंग-आ मोटर झालं, दोन वर्षांनी प्योंगटेकचा कारखाना उभा राहिला, आणि १९८४मध्ये त्यांनी जीप बनवणारी गोह्वा नावाची कंपनी विकत घेतली. त्या जीपचं नाव कोरांडो, म्हणजे 'कोरियन कॅन डू'. १९८६मध्ये सिमेंटवाल्या सँगयाँग समूहानं हे सगळं ताब्यात घेतलं आणि १९८८पासून गाडीवर तेच नाव आलं. 'सँगयाँग' म्हणजे ड्रॅगनची जोडी.

तुझ्या कामाची गोष्ट घडली १९९१ सालानंतर. मर्सिडीज बनवणाऱ्या डाइमलर-बेंझशी तांत्रिक करार झाला आणि १९९३मध्ये मुस्सो आली. मुस्सो म्हणजे गेंडा. आत मर्सिडीजच्या परवान्याचं पाच सिलिंडरचं डिझेल इंजिन. १९९७ची चेअरमन नावाची गाडी तर मर्सिडीजच्या जुन्या ई-क्लासच्या सांगाड्यावर उभी होती. त्यानंतर मालक बदलायला लागले. आशियाई मंदीत सँगयाँग समूहावर कर्ज चढलं, १९९८मध्ये कंपनी देवू समूहाकडे गेली, पाठोपाठ देवूच कोसळली. २००४मध्ये शांघायच्या एसएआयसी या मोटार कंपनीनं ४८.९ टक्के हिस्सा घेतला. 'चिनी गाडी' हा समज तिथला. जानेवारी २००९मध्ये कंपनी न्यायालयाच्या संरक्षणाखाली गेली, २,६४६ कामगारांची कपात जाहीर झाली आणि प्योंगटेकच्या कामगारांनी ७७ दिवस कारखाना ताब्यात ठेवला. शेवट पोलीस, हेलिकॉप्टर आणि अश्रुधुरानं झाला. त्यातल्या शेवटच्या ११९ जणांना परत घेण्याचा करार व्हायला २०१८ उजाडलं.

आपल्या महिंद्रांनी नोव्हेंबर २०१०मध्ये करार केला आणि २०११मध्ये सुमारे ७० टक्के हिस्सा घेतला. ऑक्टोबर २०१२पासून रेक्स्टनचे सुटे भाग कोरियातून यायचे आणि चाकणला गाडी जुळायची. तुझ्या नजरेतली गाडी त्यातलीच. २०१८ची अल्टुरास जी४ ही पुढच्या पिढीची रेक्स्टन. नाशिकला बनलेली एक्सयूव्ही ३०० पाहशील तर तिच्या खाली सँगयाँगच्या टिवोलीचा सांगाडा आहे. व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) तोच २,६०० मिलिमीटर, फक्त मागचा भाग छाटून चार मीटरच्या आत बसवलेली. एप्रिल २०२०मध्ये महिंद्रांनी आणखी मोठी रक्कम घालायला नकार दिला, डिसेंबरात कंपनीनं पुन्हा न्यायालयाचं दार ठोठावलं. २०२२मध्ये कोरियाच्याच केजी समूहानं ती घेतली आणि मार्च २०२३पासून ती केजी मोबिलिटी झाली. गाड्या अजून प्योंगटेकलाच बनतात.

इतके मालक झाले, पण पार्टचे नंबर तेच राहिले. रेक्स्टनच्या २.७ लिटर इंजिनाच्या पार्टचा नंबर ६६५नं सुरू होतो. ही मर्सिडीजची पद्धत : आधी इंजिनाचा सांकेतिक क्रमांक, मग गट, मग भाग. सँगयाँगच्याच दोन लिटर इंजिनाचे पार्ट ६६४चे. म्हणून दुकानात जाऊन "रेक्स्टनचा इंजेक्टर आहे का" असं विचारू नकोस. समोरचा मान हलवेल आणि संपलं. जुन्या पार्टवर कोरलेला दहा आकडी नंबर लिहून ने. तो महिंद्राच्या पार्ट काउंटरवर चालतो, कोरियातल्या आणि दुबईतल्या निर्यातदारांकडेही चालतो. डिझेल फवारणारे इंजेक्टर आणि पंप डेल्फी कंपनीचे असल्यामुळे त्यांचं काम कुठलाही चांगला डेल्फीवाला डिझेल सेंटर करतो, त्याला गाडीचं नाव माहीत असायची गरज नाही. अडचण येते ती दिव्यांची, बंपरची, काचांची आणि आतल्या प्लास्टिकची. ते फक्त सँगयाँगचंच लागतं आणि थांबावं लागतं. त्यामुळे इंजिन थोडं थकलेलं असेल तर भाव करून घे, पण पुढचा दिवा फुटलेली गाडी असेल तर दिवा आधी मिळवायला सांग.

आता गाडीकडे वळू. जायचं ते सकाळी, आणि मालकाला आदल्या दिवशीच बजावायचं की मी येईपर्यंत सेल मारायचा नाही. बॉनेटवर हात ठेव. गरम लागलं तर कारण विचार.

पहिलं, इंजेक्टर. इंजिनावरचं प्लास्टिकचं झाकण काढायला लाव. पाच इंजेक्टर एका रांगेत दिसतील. त्यांच्या बुडाशी डांबरासारखा काळा, कडक थर दिसला तर समज की खालचं तांब्याचं वॉशर गळतंय. ते वॉशर इंजेक्टर आणि हेडच्या मध्ये बसतं आणि जळालेला गॅस वर येऊ देत नाही. ते दबलं किंवा खालची बैठक घाण राहिली की गॅस वर येतो, त्यातला कार्बन इंजेक्टरभोवती थिजतो आणि पुढे इंजेक्टर बाहेरच येत नाही. सुरुवातीला आयडलवर (गाडी जागेवर नुसती चालू असताना) 'फुस् फुस्' असा आवाज येतो आणि एसी लावला की आत डिझेलच्या धुराचा वास. या टप्प्याला काम स्वस्त आहे : पाच नवी वॉशर, पकडीचे पाच नवे बोल्ट (ते ताणले जाणारे असतात, जुने पुन्हा बसवायचे नाहीत) आणि बैठक ब्रशनं घासून अगदी लख्ख. जुनं वॉशर तापवून परत बसवणारा फिटर भेटला तर गाडी घेऊन निघ. इंजेक्टर काढताना कुठला कुठल्या सिलिंडरचा, ते लिहून ठेवायचं, कारण प्रत्येकावर कोरलेला कोड त्या त्या सिलिंडरच्या जागी ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिनाच्या संगणकात, भरलेला असतो. नवा बसवला तर नवा कोड स्कॅनरनं भरावाच लागतो. तो न भरता "बसेल हळूहळू" म्हणणाऱ्याच्या हातची गाडी खडखडते आणि धूर टाकते.

मालक तयार असेल तर रिटर्नची, म्हणजे इंजेक्टरमधून परत जाणाऱ्या डिझेलची, चाचणी कर. पाचही इंजेक्टरच्या रिटर्नच्या नळ्या पाच सारख्या बाटल्यांत सोडायच्या, इंजिन काही मिनिटं आयडलवर ठेवायचं आणि पातळी बघायची. एक बाटली इतरांच्या दुप्पट भरली तर तो इंजेक्टर गेला. आणि डिझेल फिल्टरमधलं थोडं डिझेल पांढऱ्या फडक्यावर ओतून उन्हात धर. चंदेरी चकाकी दिसली तर हाय-प्रेशर पंप आतून झिजतोय आणि त्याचा चुरा पाचही इंजेक्टरमध्ये गेलाय. मग पंप, पाच इंजेक्टर, त्यांना डिझेल पुरवणारी नळी (रेल) आणि टाकीची सफाई असा सगळाच खर्च येतो. तिथून सरळ चहा पिऊन घरी ये. असा पंप मरतो तो बहुतेक पाण्यामुळे, म्हणून गाडी घेतलीस तर फिल्टर पुस्तकात लिहिलंय त्याच्या निम्म्या अंतरावर बदल आणि पावसाळ्याआधी त्यातलं पाणी काढ. फिल्टर बदलल्यावर हातपंपाचा फुगा कडक होईपर्यंत दाबायचा, नाहीतर हवा राहते आणि पोरं उगाच सेल मारत बॅटरी उतरवतात.

दुसरं, गिअरबॉक्स. आरएक्स ७मध्ये मर्सिडीजचा पाच गिअरचा ऑटोमॅटिक आहे, ७२२.६ घराण्याचा. जुन्या मर्सिडीज करणाऱ्या कुणालाही तो तोंडपाठ असतो. त्याचं एक कुळदुखणं म्हणजे बाजूला असलेला तेरा पिनांचा गोल प्लग. त्याच्या दोन रबरी रिंगा कडक झाल्या की तेल आत शिरतं आणि दिवा वातीनं तेल ओढतो तसं वायरिंगमधून चढत चढत थेट गिअरबॉक्सच्या ईसीयूपर्यंत पोचतं. रिंगांसकट प्लगचा खर्च किरकोळ, ईसीयूचा नाही. तेव्हा गाडी खालून बघताना तो प्लग ओला आहे का ते आधी बघ. दुसरं लक्षण : चालता चालता गाडी दुसऱ्या गिअरमध्ये अडकते आणि बंद करून चालू केली की ठीक होते. तसं झालं तर आतल्या कंडक्टर प्लेटवरचे स्पीड सेन्सर गेलेत. पूर्ण गिअरबॉक्स बदलायला सांगतील, ऐकू नकोस. पॅन उतरवून प्लेट बदलता येते.

"याचं तेल आयुष्यभर बदलावं लागत नाही" असंही ऐकशील. एक लाख चौदा हजार किलोमीटर झालेत, बदल. मर्सिडीजच्या २३६.१० किंवा त्यानंतरच्या २३६.१४ मानकाचं, साधं पॉवर स्टिअरिंगचं लाल तेल नाही. पॅन उघडलं तरी बरंचसं तेल इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या टॉर्क कन्व्हर्टरमध्येच राहतं, तेव्हा काही हजार किलोमीटरनंतर पुन्हा एकदा बदललेलं चांगलं. गाडीत डिपस्टिक नसते, नुसती नळी आणि झाकण असतं. पातळी तेल ऐंशी अंशांना तापल्यावर खास काठीनं बघतात. अंदाजानं ओतणारा फिटर हमखास जास्त ओततो.

बाकीचं भराभर सांगतो. इंजिन ऑइलला सुमारे साडेआठ लिटर लागतं, म्हणून एका पाच लिटरच्या कॅनमध्ये सर्व्हिस केल्याचं बिल असेल तर काहीतरी गडबड आहे. थंड इंजिन सुरू करायला तापणारे ग्लो प्लग हेडमध्ये घट्ट बसतात आणि काढताना तुटतात. कोल्हापूरच्या हवेत एखादा मेला तरी गाडी चालू होते, तेव्हा त्यांच्या वाटेला जाऊ नकोस. अगदीच काढायचा झाला तर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल सोड, इंजिन गरम असताना हातानं फिरव आणि कुरकुरला की थांब. वजन दोन टनांच्या आसपास असल्यानं पुढचे लोअर बॉल जॉइंट आणि लिंक रॉड झिजतात. स्पीडब्रेकरवर 'टक' असा आवाज आला तर जॅकवर चढवून चाक वर-खाली हलवून बघ. आणि कुणी तुला आरएक्स ५ दाखवली तर तिच्यात ऑटोमॅटिकची काळजी नाही, पण ताकदही १८६ ऐवजी १६५ पीएस (अश्वशक्ती). अशा मॅन्युअल गाड्यांत फोर-व्हीलचा खटका टाकून पुढची चाकं खरंच ओढतात का, ते मातीवर तपासायचं. डांबरावर नाही. न ओढण्याचं कारण बहुतेक वेळा पुढच्या हबकडे जाणारी चिरलेली व्हॅक्यूमची नळी असते आणि ती काही शेकड्यांत बदलते.

चालवणारे काय म्हणतात, हेही तू विचारलंस. इंग्लंडात रेक्स्टनची ओळख म्हणजे मागे कॅरॅव्हॅन ओढणारी स्वस्त आणि दणकट गाडी. तिचीच बहीण रोडियस, तिच्या रूपाची मात्र तिकडे इतकी टिंगल झाली की विचारू नकोस. आपल्याकडचे मालक सगळ्यात आधी सांगतात ती लांबच्या प्रवासातली शांतता : पाच सिलिंडरची ती जाडसर घरघर, खराब रस्त्यावर पोटातलं पाणी न हलणं. मग तक्रारी. तिसऱ्या रांगेत मोठ्या माणसाचे गुडघे छातीला लागतात, स्टिअरिंग सुस्त आहे, डॅशबोर्ड किंमतीच्या मानानं साधा, आणि विकायला काढली की गिऱ्हाईक येत नाही. ही शेवटची तक्रार तुझ्या फायद्याची, कारण त्यांचा तोटा होऊन झालाय. तू मात्र ती विकायच्या विचारानं घेऊ नकोस. २०२८मध्ये पंधरा वर्षं भरतील, मग फेरनोंदणी आणि पर्यावरण कर आहेच.

माझं मत विचारशील तर फडक्यावर चकाकी नसेल आणि प्लग कोरडा असेल तर घे. मागतोय त्या किंमतीतून वॉशरचं काम आणि गिअरबॉक्सच्या तेलाचे दोन्ही फेरे वजा करून बोल. यातलं काहीच मालकाला बघू द्यायचं नसेल तर गाडी कितीही चकचकीत असो, सोडून दे.

वहिनींना नमस्कार. इंजेक्टरवरचे नंबर दिसले तर फोटो काढून पाठव.

तुझा,
अविनाश

ता. क. : दोन्ही किल्ल्या माग आणि दोन्हींनी गाडी चालू करून बघ. चोरी रोखणाऱ्या इमोबिलायझरची किल्ली हरवली तर गल्लीतल्या किल्लीवाल्याकडून काम होत नाही, आणि "दुसरी घरी आहे" असं म्हणणाऱ्याची दुसरी किल्ली बहुधा घरी नसते.