ड्रुइड हिल ॲव्हेन्यूवरचं 2216 नंबरचं घर

बाबा,

रविवारी कुठे भटकत होतास असं तुम्ही विचारलंत तेव्हा फोन तुटत होता, म्हणून आता निवांत लिहितोय. इथेच बाल्टिमोरमध्ये, ड्रुइड हिल ॲव्हेन्यूवर 2216 नंबरचं घर होतं ती जागा बघायला गेलो होतो. कॅब कॅलोवे नाव ऐकलं नसेल तुम्ही, पांढरा कोट घालून केस उडवत "हाय-डी-हो" गाणारा जॅझवाला, न्यूयॉर्कचा कॉटन क्लब गाजवलेला. तो पोरसवदा असताना या घरात राहायचा, पेपर विकायचा, पिमलिकोच्या रेसकोर्सवर घोडे फिरवायचा. त्याची थोरली बहीण ब्लांश, तीपण बँडलीडर, आणि बँडमध्ये सगळे पुरुष, तेसुद्धा त्या काळात! तिचं नाव मात्र फारसं कुणी घेत नाही.

सप्टेंबर 2020 मध्ये घर पाडलं. कॅबच्या नातवाने ते वाचवायला खूप धडपड केली, पण घर कधीचं रिकामं, पार मोडकळीला आलेलं. पाडून तिथे बाग करायची ठरली, आणि बागेला नाव कुणाचं, तर कॅबचंच. मला नाही बुवा पटलं.

इथली रो हाऊसेस म्हणजे दोन घरांत एकच भिंत. मधलं एक काढलं की शेजारच्याची कूस उघडी पडते. परवा दुसऱ्या गल्लीत तशी एक बघितली, विटांवर जिन्याची तिरकी खूण आणि वर कुणाच्यातरी खोलीचा निळा रंग, अजून टिकून. दारापुढच्या संगमरवरी पायऱ्या पूर्वी बायका गुडघ्यावर बसून घासायच्या म्हणे, त्या मधोमध झिजून खोलगट झाल्यात.

मला आधी वाटलं मालकांनीच या घरांची हेळसांड केली असणार. पण ही काळ्यांची वस्ती, आणि वाचत गेलो तर 1910 मध्ये याच शहराने कायदा केला होता की गोऱ्यांच्या ब्लॉकमध्ये काळ्यांनी राहायला जायचं नाही. 1917 ला सुप्रीम कोर्टाने असले कायदे बाद ठरवले, तर पुढे 1930 च्या दशकात सरकारी नकाशांवर काळ्यांच्या वस्त्या लाल रंगवल्या, म्हणजे इथे कर्ज द्यायला धोका. आता कर्जच मिळेना तर छप्पर गळायला लागल्यावर माणूस करणार काय? गळू देतो, मग एक दिवस कुलूप लावून निघून जातो.

फोटो जोडलेत. आईला मोठ्या स्क्रीनवर दाखवा, पायऱ्या बघून खूष होईल.

तुमचा,
बंटी