धागा लपवावा, पुरावा नव्हे

संपादक महोदय,

अलीकडच्या बऱ्याच थरारक कादंबऱ्या शेवटच्या वीस-पंचवीस पानांत घसरतात. खुनी तोवर कधी न दिसलेला कुणीतरी निघतो, किंवा तपास करणाऱ्याला कळलेली गोष्ट वाचकापासून दडवलेली असते. इंग्रज रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स यांच्या रहस्यकथांसाठीच्या १९२९ मधल्या दहा नियमांत दोन्हींना मज्जाव आहे: गुन्हेगाराचा उल्लेख सुरुवातीच्या भागातच यावा आणि सापडलेला पुरावा वाचकालाही कळावा. खुन्यापर्यंत नेणारा धागा लपवायचाच, तर भांडणाच्या प्रसंगात किंवा टेबलावरच्या सात-आठ वस्तूंच्या मध्ये ठेवावा. तिथून वाचक भरकन पुढे सरकतो. दर प्रकरणाअखेरीच्या धक्क्याला तर आता कुणी दचकतही नाही. कौटुंबिक कादंबऱ्यांचं दुखणं उलटं. पहिली साठ पानं नुसतं वातावरण!

– एक वाचक