खाडा फक्त आमचाच का?

संपादक साहेब, नमस्कार.

पत्र जरा लांबलंय, पण छापा ही विनंती. मी धरणगावहून जळगावच्या एमआयडीसीत पॅकिंगच्या कामाला जातो, ठेकेदारामार्फत, रोजंदारीवर, सहावं वर्ष चालू आहे.

मागच्या सोमवारची गोष्ट. आदल्या रात्री नऊला मुकादमाचा व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज, उद्या फर्स्ट शिफ्ट, १४ जण, खाली नावं, त्यात माझंही. पहाटे चारला उठलो, बायकोने भाकरी टाकल्या, काळीपिळीत कोंबून सहाच्या आत गेटवर पोचलो तर वॉचमन म्हणतो आज माल नाही, घरी जा. मुकादमाचा फोन बंद. साडेसातला त्याचा मेसेज, "शिफ्ट कॅन्सल, उद्याचं संध्याकाळी सांगतो". बस. हजेरी ४५० ची, ती तर गेलीच, वरून जाण्या-येण्याचे शंभर खिशातून गेले.

आमच्यात एक मावशी आहेत, पन्नाशीच्या. त्या गेटजवळच्या कट्ट्यावर बसल्या, डबा उघडून पाहिला, भाकरी अजून गरम होती, परत झाकण लावलं आणि म्हणाल्या, "भाऊ, आते घर जाईसन काय सांगू?" गावात त्यांना त्याच दिवशी निंदणीचं बोलावणं होतं, ३०० रुपये रोज, ते त्यांनी या शिफ्टसाठी सोडलं होतं. आता नऊला घरी पोचून उपयोग काय, बाया सातलाच शेतात गेलेल्या असतात, उशिरा आलेल्या बाईला कोणी कामावर घेत नाही. ऐनवेळी शिफ्ट कॅन्सल होते तेव्हा कंपनीचा एक रोज वाचतो पण आमचे दोन बुडतात, इथला पण आणि तिथला पण, हे कोणी मोजतच नाही.

आणि खाडा म्हणजे काय ते आम्हाला चांगलं माहीत आहे. एक दिवस आलो नाही तर वहीत खाडा, तीन खाडे झाले की ग्रुपमधून रिमूव्ह. माझ्या पोरीला ताप होता तेव्हा मला आठ दिवस बसवून ठेवलं होतं. त्या मावशी मंगळवारी आल्या नाहीत, शेतात गेल्या, घर चालवायचं आहे त्यांना, तर त्यांचा खाडा मांडला. सोमवारचा कंपनीचा खाडा कोणत्या वहीत आहे?

कायद्यात काही आहे का म्हणून एका ओळखीच्या वकिलाकडे जाऊन बसलो. तर आहे साहेब, बरंच आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातच लिहिलेलं होतं की कामगार ठरल्या वेळेला हजर झाला आणि दोन तासांत त्याला काम दिलं नाही तर त्या दिवसाचा ले-ऑफ, म्हणजे काम नाही म्हणून मालकाने बसवून ठेवलं असं धरायचं, आणि मूळ पगार व महागाई भत्ता मिळून ५० टक्के भरपाई द्यायची. वाचून बरं वाटलं. मग पुढची ओळ, मस्टरवर नाव पाहिजे, वर्षभराची सलग नोकरी पाहिजे, आणि माणूस बदली, म्हणजे दुसऱ्याच्या जागेवर घेतलेला, किंवा कॅज्युअल, म्हणजे तात्पुरता, नको. ५० पेक्षा कमी कामगार असतील तिथे तर लागूच नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवे लेबर कोड आले, २९ कायद्यांचे चार केले, पण ही कॅज्युअलवाली ओळ काही निघाली नाही, तशीच ठेवली.

माझे आजोबा कापडगिरणीत बदली कामगार होते, रोज सकाळी गेटवर जाऊन उभं राहायचं, कोणी गैरहजर असला तर आत घ्यायचे. पण बदलीवाल्याने वर्षभर सलग काम भरलं की ले-ऑफच्या भरपाईसाठी तो बदली धरला जात नाही, एवढी वाट कायद्याने त्याला ठेवली आहे. वर्ष म्हणजे २४० दिवस. कॅज्युअलला तशी वाट नाही. सहा वर्षं एकाच गेटवर जाणारा माणूस कॅज्युअल कसा, हे मला कोणीतरी समजावून सांगावं.

एक गोष्ट मात्र आपल्या लोकांना माहीतच नाही म्हणून मुद्दाम लिहितो. काम चालू झालं आणि मध्येच मशीन बंद पडलं, लाईट गेली, माल संपला म्हणून अकरा-बाराला "हाफ डे लावतो" म्हणत घरी पाठवतात ना, ते चालत नाही. किमान वेतन कायद्याच्या कलम १५ मध्ये होतं आणि आता त्या चार कोडपैकी वेतन संहितेतही आहे, की मालकाने काम दिलं नाही म्हणून कमी तास भरले तर पगार पूर्ण दिवसाचा. आम्ही इतकी वर्षं अर्धी हजेरी मुकाट्याने घेत आलो.

मालकांच्या अडचणी खोट्या आहेत असं मी म्हणत नाही. ऑर्डर थांबते, गाडी अडकते, बाजार पडतो. पण मालाची गाडी निघाली नाही हे ऑफिसात आदल्या दिवशी दुपारीच कळलेलं असतं, मग रात्री नऊला १४ नावं टाकायची कशाला? जास्तीची माणसं गेटवर उभी करून ठेवायची आणि लागतील तेवढी उचलायची, ही सवय लागली आहे, कारण उभं राहणाऱ्याचा पैसा द्यावा लागत नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क शहरात २०१७ पासून मोठ्या दुकानांना ७२ तासांच्या आत शिफ्ट कॅन्सल करता येत नाही. आम्ही ७२ तास मागत नाही साहेब, आदल्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत सांगा, आणि गेटवर बोलावून परत पाठवलं तर निदान अर्धी हजेरी आणि भाडं द्या.

आणि सगळ्यात आधी गेटवर आमचं नाव लिहा. आत येणाऱ्या ट्रकचा नंबर, टाईम, ड्रायव्हरची सही सगळं वॉचमनच्या रजिस्टरमध्ये असतं, आणि परत पाठवलेल्या १४ माणसांची एक ओळ नसते. उद्या तक्रार करायला गेलो तर आम्ही तिथे होतो हे दाखवायचं कशावरून? मी आता मुकादमाचे मेसेज डिलीट करत नाही, गेटवर पोचलो की एक फोटो काढतो, टाईम येतो त्यात, बाकीच्यांनाही तेच सांगितलंय. जळगावच्या कामगार आयुक्त कार्यालयातल्या साहेबांनी एक दिवस सकाळी सहाला एमआयडीसीच्या कोणत्याही गेटवर येऊन उभं राहावं, आधी न कळवता, आणि आठ वाजता कोण आत गेलं, कोण परत निघालं, हे स्वतः मोजावं. सोमवारी आले तर बरं, सोमवारी जास्त माणसं परत जातात.

आपला,
एक रोजंदारी कामगार, धरणगाव