अजिंठ्यात राबलेला निर्वासित चित्रकार
संपादक साहेब,
निर्वासित कलावंत म्हटलं की आपण लांबलांबची नावं घेतो, पण आपल्या अजिंठ्यातच गणेश हलोई कित्येक वर्षं भित्तिचित्रांच्या नकला करत बसायचे हे किती जणांना माहितीये? १९३६ला जमालपूरचा जन्म, म्हणजे आत्ताचा बांगलादेश, फाळणीनंतर १९५०ला कलकत्त्याला आले आणि १९५७पासून पुरातत्त्व खात्यासाठी इथं काम. पुढं त्यांनी पाण्याची, शेतांची अमूर्त चित्रं काढली, त्यात मला तरी त्यांचं सुटलेलं गाव दिसतं, पण रडगाणं कुठंच नाही. मी लेणीला चारदा गेलो, एकाही गाईडनं हे नाव काढलं नाही, फार वाईट वाटलं. तिथं एक छोटी पाटी तरी लावा, शाळेच्या ट्रिपा येतात, पोरांना कळू द्या.
- एक वाचक, सिल्लोड