चाकणला निघालेल्या मधूस

चि. मधुरा हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझी बस आत्ता किणी नाक्यापुढे गेली असेल. काल जेवताना आवाज चढला, ते मनावर घेऊ नकोस. अण्णांच्या ऑपरेशनचं मी आणि दादा बघतो.

प्लँट मॅनेजर झालीस! शिरोलीत कुणाला सांगायचं बाकी ठेवलेलं नाही. पण तू म्हणालीस, "बाबा, आता मशीनच सगळं सांगतं," ते डोक्यातून जाईना. मशीन किती वेळ थांबलं हे सेन्सर सांगतो, पोरी. का थांबलं, हे माणूस सांगतो. धातू कापणारा इन्सर्ट तुटला, कास्टिंग कडक आलं, की क्रेनची वाट बघत बसलो, ते ऑपरेटरच स्क्रीनवर निवडतो. सकाळच्या मीटिंगमध्ये त्यावरून एकाला झापलं, की दुसऱ्या दिवशी सगळी पाळी 'इतर' दाबते. मग ग्राफ भरतो आणि कारण कळत नाही.

मशीननं खरं काम किती टक्के केलं ते सांगणारा आकडा, ओईई, तुला मी काय शिकवणार. पण 40 सेकंदांच्या कामाला सिस्टीममध्ये 48 भरले, तर 48 सेकंद लावणारा शंभर टक्के दिसतो. खरा तो 83 वर असतो. हे मशीनपाशी घड्याळ घेऊन उभं राहिल्यावरच दिसतं. पायथन प्रोग्रामिंग शीक, मशीनचा कंट्रोलर बघणाऱ्या पीएलसीवाल्याला आणि आयटीवाल्याला एका टेबलावर बसव, नवीन सिस्टीम घेताना पाळीतल्या जुन्या माणसालाही विचार. तू वयानं लहान, त्यात बाई, म्हणून ते आधीच अंतर ठेवतील. खरं सांगतील ना तुला?

लागलो भाषण द्यायला. माफ कर.

2019 च्या मार्चमध्ये नॉर्वेच्या नॉर्स्क हायड्रोवर सायबर हल्ला झाला. ॲल्युमिनियमची एवढी मोठी कंपनी, पण कॉम्प्युटर बंद पडले आणि कितीतरी ठिकाणी काम हातानं चालवावं लागलं. तेव्हा कागदावरची जुनी पद्धत आठवणारे काही निवृत्त कामगार मदतीला परत आले. हे वाचल्यापासून मी तुझाच विचार करतोय. तुझ्याकडून रिटायर होणारा माणूस अशा दिवशी येईल का? तू त्याच्याशी आज कशी बोलतेस, त्यावर ते आहे.

खंडेनवमीला तुला कारखान्यात आणलं होतं, आठवतं? पूजा झाली, नारळ फुटला, आणि लेथ सुरूच होईना. सगळे फ्यूज तपासत बसले. तू परकराचं टोक चावत गणपतकाकांजवळ गेलीस आणि म्हणालीस, "ते लाल बटण मी दाबलं." त्यांनी ते इमर्जन्सी स्टॉपचं बटण फिरवून सोडलं आणि तुझ्या हातावर पेढा ठेवला. ते ओरडणार नाहीत हे तुला ठाऊक होतं, म्हणून तू बोललीस. तुझ्या आईनं ती गोष्ट पुढे कितीदा सांगितली! तेव्हाच मला वाटलं होतं, ही पोर कारखान्यात रमेल.

परत तिथेच आलो बघ. तुझ्या हुशारीची मला शंका नाही. भीती एवढीच, की तुझ्यासमोर सगळे मान डोलावतील आणि ब्रेकडाउन तुला शेवटी कळेल.

पहिल्याच आठवड्यात एकदा रात्रपाळीला जा. वही-लॅपटॉप नको. चहाच्या सुट्टीत त्यांच्यातच बस, आणि कोण काय बोललं ते मला फोनवर सांग. सांगितलं नाहीस तरी चालेल, पण जा. आणि चटणीचा डबा सरळ ठेव, तेल गळतं.

तुझे,
बाबा