निसर्गाचा घसारा कोण लिहिणार?

माननीय अर्थमंत्री,
सप्रेम नमस्कार.

पर्यावरणाबद्दलचं पत्र पर्यावरणमंत्र्यांऐवजी तुम्हाला का, असा प्रश्न तुमच्या कार्यालयाला पडेल. मी आयुष्यभर हिशेबाच्या वह्या लिहिल्या. निसर्गाची लूट खाणीत आणि जंगलात होते, पण ती खपून जाते हिशेबात. आणि हिशेब तुमच्याकडे आहे.

कारखान्यातलं एक साधं लेथ मशीन घ्या. ते विकत घेतलं की मालमत्तेच्या नोंदवहीत त्याची ओळ उघडते: तारीख, किंमत, अंदाजे आयुष्य. दर वर्षअखेरीला त्यातून घसारा वजा होतो. त्या दिवशी मालकाच्या खिशातून एक पैसाही जात नाही, तरी तो खर्च लिहावाच लागतो, कारण मशीन तेवढं झिजलेलं असतं. घसारा न धरता नफा काढला आणि वाटून खाल्ला, तर मशीन बंद पडेल त्या दिवशी नवं घ्यायला तिजोरीत काही नसतं.

देशाचं सकल उत्पादन मोजताना मात्र खनिज बाहेर काढलं की ते उत्पन्नात धरलं जातं. खाणीत तेवढं कमी झालं, ही नोंद त्यात कुठेच नाही. जंगल तोडलं की लाकडाचे पैसे जमा, उभं जंगल गेलं ते गेलं. भूजल खाली गेलं म्हणून बोअर आणखी खोल न्यावी लागली, तर त्या खोदाईचा खर्चसुद्धा उत्पादनात भर म्हणून मिळवला जातो. मला सगळ्यात जास्त बोचतं ते हे. तहान वाढली आणि आपण तिला वाढ म्हटलं.

असा हिशेब ठेवून काय होतं, ते नाउरूने पाहिलं आहे. प्रशांत महासागरातलं हे जेमतेम 21 चौरस किलोमीटरचं बेट. तिथला फॉस्फेट, म्हणजे खतासाठी लागणारं खनिज, आधी परक्यांनी उपसला, 1968च्या स्वातंत्र्यानंतर देशाने स्वतः. 1970च्या दशकात दरडोई उत्पन्नात नाउरू जगात अगदी वरच्या रांगेत होता. आज बेटाच्या मधल्या पठारावर चुनखडीचे टोकदार सुळके उभे आहेत. दोन सुळक्यांमधली माती खरवडून नेलेली, त्यामुळे तिथे ना शेती होते ना घर बांधता येतं. साठवलेला पैसाही चुकीच्या गुंतवणुकीत आणि उधळपट्टीत गेला.

नॉर्वेने तेलाच्या बाबतीत वेगळं केलं. 1990मध्ये कायदा करून तेलाचा पैसा वेगळ्या निधीत ठेवायचं ठरवलं आणि आता त्या निधीच्या अपेक्षित परताव्याइतकंच, साधारण 3 टक्के, दरवर्षी खर्चायचा नियम आहे. ते तेल जळून बिघडणाऱ्या हवामानाचा हिशेब त्यातही नाही, म्हणून मी त्याला आदर्श म्हणणार नाही. पण विकलं ते मुद्दल आहे, एवढं त्यांनी ओळखलं.

1970च्या तुलनेत जग आज तिपटीहून जास्त नैसर्गिक साधनसामग्री उपसतं: वर्षाला सुमारे 10,000 कोटी टन. संयुक्त राष्ट्रांच्या 2024च्या अहवालानुसार श्रीमंत देशांतला माणूस गरीब देशांतल्या माणसाच्या सहापट वापरतो. म्हणून गरिबाच्या चुलीकडे बोट दाखवून ही जबाबदारी टाळता येणार नाही.

नदीला किंमत कशी लावायची, असं तुमचे अधिकारी विचारतील. नदीची किंमत काढता येत नाही, हे मलाही मान्य आहे. पैशांत जमत नसेल तिथे टनांत, घनमीटरमध्ये, हेक्टरमध्ये लिहा. पद्धत नव्याने शोधायची नाही. पर्यावरणाच्या लेख्यांची आंतरराष्ट्रीय चौकट 2012पासून आहे, आणि देशाचं उत्पन्न मोजण्याची संयुक्त राष्ट्रांची 2025मध्ये सुधारलेली राष्ट्रीय लेख्यांची पद्धत तर नैसर्गिक साधनांची झीज निव्वळ उत्पन्नातून वजा करायला सांगते.

माझी मागणी एवढीच आहे. पुढच्या अर्थसंकल्पासोबत एक तक्ता मांडा: भूजल, जंगल, माती, खनिजं, मासळी. प्रत्येकापुढे वर्षाच्या सुरुवातीला किती होतं, वर्षात किती घेतलं, किती भरून आलं आणि शेवटी किती उरलं. तो विकासदराच्या शेजारच्या पानावर हवा, परिशिष्टात नको. पहिल्या वर्षी काही रकाने कोरे राहतील. ते कोरेच छापा, म्हणजे कुठे मोजणीच झाली नाही हे तरी सगळ्यांना दिसेल.

आपला नम्र,
एक सेवानिवृत्त लेखापाल