वर्तुळ मोठे म्हणजे काय, तेही छापा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

शाळेत भूगोल शिकवताना विभाजित वर्तुळ (एकूण संख्येतला प्रत्येकाचा वाटा तुकड्यांनी दाखवणारे) आणि वितरणाचे नकाशे मी वेगवेगळ्या तासांना घेत असे. आता संगणकावर दोन्ही एकत्र येतात, आपल्या अंकातही दिसतात. त्यावरून झालेला एक घोळ कळवते.

आम्ही काही नागरिकांनी घरोघरी जाऊन विचारले, रोज कामाला कशाने जाता? दुचाकी, पीएमपीची बस, रिक्षा की पायी? क्यूजीआयएस या मोफत सॉफ्टवेअरमध्ये पुण्याच्या नकाशावर प्रत्येक भागाचे वर्तुळ काढले; उत्तरांप्रमाणे त्याचे तुकडे, आणि घरे जितकी जास्त तितके वर्तुळ मोठे. बैठकीत पडद्यावर हडपसरचे वर्तुळ एवढे प्रचंड दिसले की सगळे म्हणाले, बस वाढवा ही मागणी आधी तिथलीच करू. वास्तविक मोठे वर्तुळ म्हणजे तिथे दुचाक्या जास्त असे नव्हते. तिथे आम्ही जास्त घरांत गेलो होतो, इतकेच. त्यातही ४०० घरांचे वर्तुळ १०० घरांच्या वर्तुळाच्या चौपट दिसायला हवे, ते सोळापट दिसत होते. आकार क्षेत्रफळाऐवजी लांबीच्या प्रमाणात ठेवला गेला होता. व्यास चौपट केला की क्षेत्रफळ सोळापट होते, हे मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिले आहे, तरी पडद्यासमोर बसून मलाही ते चटकन दिसले नाही. याचे फार वाईट वाटले.

कसबा, शनिवार, नारायण, सदाशिव या पेठा तर एकमेकींवर चढल्या होत्या. त्यांचा मोठा नकाशा बाजूला वेगळा काढला, तेव्हा कुठे वाचता आला.

पद्धत वाईट नाही. शार्ल मिनार या फ्रेंच अभियंत्याने १८५८ मध्येच फ्रान्सच्या नकाशावर अशी वर्तुळे काढून, पॅरिसला कुठून किती मांस जाते ते दाखवले होते. पण त्याच्या वर्तुळात गाय-बैल, वासरे आणि मेंढ्या असे तीनच भाग होते. निवडणुकीच्या नकाशात सात-आठ पक्षांचे तुकडे केले तर बारीक तुकडे डोळ्यांना कळतच नाहीत.

म्हणून विनंती, निवडणुकीचे असे नकाशे छापाल तेव्हा कोपऱ्यात दोन-तीन रिकामी वर्तुळे काढून कोणते किती मतांचे ते लिहावे, आणि लहान पक्ष ‘इतर’मध्ये घालावेत. कृष्णधवल पानावर रंगांऐवजी रेघा आणि ठिपके वापरावेत. आमची मुले प्रात्यक्षिकाच्या वहीत पेन्सिलीने तसेच भरत.

आपली,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका, सदाशिव पेठ, पुणे